नवा फोम घेण्याआधी जुना काट्यावर ठेवा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. चिमूरकडे तुमची जुनी सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर आहे. मागच्या सीट काढून तुम्ही तिची कॅम्पर करून घेतली. दोन्ही बाजूंना ६ फूट लांब आणि २१ इंच रुंद बाकं, मध्ये २८ इंचांची मोकळी जागा. रात्री त्या जागेवर फळी टाकायची, बाकांच्या पाठीच्या दोन गाद्या तिच्यावर आडव्या मांडायच्या, की झाला पलंग. तीन वर्षांपूर्वी ४ इंचांचा फोम टाकला, दुकानदाराने ‘चाळीस डेन्सिटी’ म्हणून दिला. आता बसलं की फळी लागते, आणि चिखलदऱ्याहून परत आल्यावर यजमानांची कंबर चार दिवस धरली होती. तुम्ही विचारलंय की फोम कोणता घ्यावा, किती जाडीचा, घरच्या कापसाची गादी चालेल का, जुनी कव्हरं वापरता येतील का, आणि शिलाई मशीन घरी आहे तर हे काम घरीच जमेल का.

मी हिंगणघाटच्या बाजूला हायवेवर सीटचं काम करतो. सुरुवात काळी-पिवळीपासून झाली. जिच्यात नऊ माणसं बसायची तिच्यात चौदा कोंबलेली, वर कोणाच्या मांडीवर तुरीचं पोतं. फोम कशाने मरतो हे मला त्या जीपगाड्यांनी फार लवकर शिकवलं. मग ट्रॅक्टरच्या सीट आल्या, दवाखान्यातल्या तपासणीच्या टेबलांच्या गाद्या आल्या, आणि अलीकडे तुमच्यासारख्या हौशी लोकांच्या कॅम्पर. गाडी कोणतीही असो, माणूस दुकानात येतो तो एकच वाक्य घेऊन येतो: “भाऊ, फोम तं आत्ताच टाकला होता, मंग बसला काऊन?”

तो का बसला हे कळल्याशिवाय नवा टाकू नका. नाही तर तीन वर्षांनी पुन्हा हेच विचाराल.

पहिलं काम. एका बाकाचा फोम कव्हरातून काढा, एक दिवस सावलीत मोकळा ठेवा आणि गावातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर तोला. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोमधलं वजन, त्यात दुसरं काही गूढ नाही. फोमची लांबी, रुंदी आणि जाडी इंचात घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला ६१,००० ने भागा, की घनमीटर आले. आता किलोंना त्या घनमीटरने भागा. तुमचं बाक ७२ बाय २१ बाय ४ म्हणजे ६,०४८ घन इंच, म्हणजे एक घनमीटरचा जवळजवळ दहावा हिस्सा. खरा चाळीसचा फोम असेल तर तो ४ किलोच्या आसपास भरला पाहिजे. सव्वातीन भरला तर बत्तीसचा. अडीच भरला तर पंचवीसचा, आणि मग तुमचा फोम बिचारा बसला नाही, तो आला तेव्हापासूनच बसणारा होता.

इथे एक चूक हमखास होते, म्हणून सांगतो. जाडी मोजताना आज दबलेली अडीच इंच धरू नका, मूळची ४ इंच धरा. दबल्याने फोमचं वजन कुठे जात नाही. दबलेली जाडी धरली तर पंचवीसचा फोमही हिशेबात चाळीसचा निघेल आणि दुकानदार उगाच साव ठरेल.

आता वजनालाही फसवता येतं. माझ्या धंद्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका ठोक व्यापाऱ्याकडून मी चाळीसच्या शीट उचलल्या. तोलून घेतल्या, वजन चोख. एका जीपला बसवल्या, आणि दिवाळी ते होळी एवढ्यात कव्हराच्या शिवणीतून पांढरी पूड गळायला लागली. फोम ओतताना त्यात चुनखडीची भुकटी घातली होती. वजन वाढलं, दम वाढला नाही. जीपवाला शिव्या देऊन गेला, आणि ती पूर्ण गाडी मी पदरचा फोम घालून परत बांधली. तेव्हापासून मी कापलेली कड चिमटीत घेऊन जोरात चुरगाळतो आणि काळ्या कापडावर झटकतो. पांढरं पडलं की शीट परत. आणखी एक, तळहात पूर्ण दाबून झटकन उचलायचा. चांगला फोम हाताबरोबर वर येतो, भुकटीचा आळस देत येतो.

डेन्सिटी आणि कडकपणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि सगळा घोळ इथेच होतो. गिऱ्हाईक शीटवर मूठ मारतं, कडक लागली की म्हणतं ‘ही टिकेल’. कालची भाकर कडक असते म्हणून तिच्यात पीठ जास्त असतं असं नाही. फोम कडक करणं हे कारखान्यात रसायनाच्या प्रमाणाचं काम आहे. तेवीसचा फोमही दगडासारखा करता येतो आणि चाळीसचा लोण्यासारखा. बसल्यावर कसं वाटेल ते कडकपणा ठरवतो. किती वर्षं तसंच वाटत राहील ते डेन्सिटी ठरवते. म्हणून दुकानात दोन्ही वेगवेगळं मागा: ‘चाळीसचा, मध्यम कडक’. नुसतं ‘हार्ड द्या’ म्हटलं तर हलका कडक फोम गळ्यात पडतो. पहिले सहा महिने तो छान वाटतो, मग एक दिवस मोडतो.

आणि आपल्याकडचा उन्हाळा. फोम दाबून किती कायमचा बसतो हे तपासायची प्रयोगशाळेतली रूढ रीत अशी आहे की तुकडा अर्ध्या किंवा त्याहून कमी जाडीवर आवळायचा, ७० अंशांच्या भट्टीत २२ तास ठेवायचा, मग सोडवून थोड्या वेळाने मोजायचा. आता मे महिन्यातली तुमची गाडी डोळ्यांसमोर आणा. बाहेर ४५-४६, काचा बंद, पत्रा तापलेला, आत पारा सहज साठीच्या पुढे. आणि बाकावर काय ठेवलंय? बहुतेकांच्या गाडीत मी पाहिलंय: पाण्याच्या कॅन, गव्हाचं पोतं, सिलिंडर, लग्नातून आलेली भांडी. भट्टी आणि शिकंजा दोन्ही आपणच पुरवतो, तेही २२ तास नाही, दीड-दोन महिने. माझ्या अंदाजाने आपल्याकडच्या कॅम्परचा फोम माणसं बसून जितका मरतो त्याहून जास्त गाडी उभी असताना मरतो. उन्हाळ्यात गाडी लावून ठेवायची असेल तर बाकं रिकामी करा, गाद्या काढून घरात उभ्या ठेवा. तेवढं जमत नसेल तर निदान एकावर एक रचून त्यांवर सामान ठेवू नका.

यावरून आठवलं. आपल्याकडे गादीला ऊन दाखवायची जुनी पद्धत आहे, आणि कापसाच्या गादीला ती योग्यच आहे. ओल जाते, कापूस फुलतो, पिंजाऱ्याचं काम वर्षभर लांबतं. पण फोमला ऊन दाखवू नका. उन्हाने तो पिवळा पडतो, वरचा थर ठिसूळ होतो आणि बोटाने खरवडला की भुसा निघतो. फोमला लागते सावली आणि वारा. नुसता पिवळेपणा दिसला म्हणून घाबरू नका, नवा फोमही गोदामात पडून पिवळा होतो. भुसा निघत असेल तर मात्र तो गेला.

आता यजमानांच्या कंबरेकडे येऊ, कारण तुमच्या वर्णनावरून मला बाकांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा संशय आहे. तुमच्या पलंगाचा मधला २८ इंचांचा पट्टा पाठीच्या गाद्यांचा आहे. कोणताही कारागीर पाठीला हलका आणि मऊ फोम टाकतो, आम्ही सगळेच टाकतो, पाठीवर भार कमी असतो म्हणून. दिवसा ते बरोबर. रात्री त्याच मऊ गाद्यांवर माणसाचा कंबरेचा भाग येतो, म्हणजे शरीराचा सगळ्यात जड भाग सगळ्यात कमजोर फोमवर, आणि खांदे एका बाजूला चांगल्या बाकावर. मधोमध खड्डा. आडवे झोपत असाल तर नक्की हेच, आणि लांबीच्या दिशेने झोपत असाल तर मधल्या माणसाचे हाल. तपासून पाहा: पलंग मांडा, मधल्या गादीवर एक गुडघा टेका आणि पूर्ण वजन त्यावर द्या. मग बाकावर तसंच करा. मध्ये फळी लागली आणि बाकावर लागली नाही, तर कंबर कुठे धरली ते कळलं. मधोमध त्या दोन गाद्यांची फटही येते, तिची धार पाठीला लागते ते वेगळंच.

फोमला हात लावायच्या आधी खालची फळीही बघा. १२ मिलीमीटरचं प्लाय सहा फुटांवर फक्त दोन टोकांना टेकलेलं असेल तर ते वाकतंच. टोकापासून टोकापर्यंत सुतळी ताणून धरा, मध्ये बोटभर फट दिसली तर दोष फोमचा नाही, सुताराचा. मध्ये दोन आडव्या पट्ट्या मारून घ्या. आणि फळीला भोकं पाडा, दर सहा-सात इंचांवर एक इंचाचं एक भोक, कडा पॉलिश पेपरने घासून, आत वॉर्निश लावून. कोरी फळी म्हणजे फोमची बंद बाटली. झोपलेल्या माणसाचा घाम आणि वाफ रात्रभर खाली उतरते, थंड फळीला लागून तिथेच बसते. गडचिरोली, सिरोंचाकडे पावसाळ्यात चार दिवस गाडी फिरवली की खालच्या बाजूला काळे ठिपके येतात. कित्येक गाड्यांचे फोम वरून ठणठणीत आणि खालून बुरशीने काळे मी फेकलेत. फळी आणि फोमच्या मध्ये काथ्याची पातळ चटई टाकली तर आणखी बरं, हवेला वाट राहते.

आता काय टाकायचं ते.

तुमच्या गाडीला बसायचं आणि झोपायचं काम एकाच गादीवर आहे आणि दोघांची मागणी उलटी आहे. बसलेल्या माणसाचं वजन बुडाच्या दोन हाडांवर एकवटतं, तिथे खाली घट्ट आधार नसेल तर फळी लागते. झोपलेल्याचं वजन अंगभर पसरतं, त्याला वरून मऊ हवं. एकाच शीटने हे दोन्ही भागत नाही. म्हणून थर करायचे. सगळ्यात खाली १ इंच रिबॉन्ड, म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेली रंगीबेरंगी ठिपक्यांची शीट. ती ९० ते १०० डेन्सिटीची असते, जड, पण दबत नाही. तिच्यावर ३ इंच चाळीसचा, मिळाला तर एचआर फोम. एचआर म्हणजे जास्त उसळीचा. ओळखायला दुकानात बेअरिंगची गोळी खिशात न्या आणि हातभर उंचीवरून सोडा: एचआरवरून ती निम्म्याहून वर उसळते, साध्यावरून त्याहून कमी, आणि मेमरी फोमवर चिखलात पडल्यासारखी पडून राहते. एवढे दोन थर मिळून तुमचे ४ इंच होतात आणि जुनी कव्हरं चालतात. कव्हरं नवी शिवणार असाल तर वर आणखी १ इंच मऊ फोम घाला, एकूण ५. त्याहून वर जाऊ नका. टेबलाखाली मांड्या अडकतात, पाय लटकतात आणि उंच माणसाचं डोकं छताला लागतं. बसल्यावर पाऊल पूर्ण टेकलं पाहिजे, ही साधी खूण.

मधल्या पाठीच्या गाद्यांनाही अगदी हेच थर करा, जाडीही तीच. दिवसा रिबॉन्डची बाजू भिंतीकडे, रात्री खाली. पाठीला थोडं कडक लागेल, त्याला एक उशी टेकवा. शक्य असेल तर दोन गाद्यांऐवजी एकच २८ इंची गादी करा आणि ती दिवसा एकाच बाजूच्या पाठीला लावा, मधली फट मिटेल. माझी पसंती यालाच, पण मग दुसऱ्या बाजूला पाठीला काय हा प्रश्न उरतो, तो तुमच्या गाडीत बसून तुम्हालाच सुटेल.

बाकाची पुढची कड सगळ्यात आधी मरते, कारण उठताना माणूस तिच्यावरूनच घसरतो. तिथे खालच्या रिबॉन्डवर आणखी ३ इंच रुंदीची रिबॉन्डची पट्टी उभी लावली आणि वरचा कोपरा कातरून गोल केला तर कड दुप्पट टिकते. गोल करायला विसरू नका, नाही तर मांडीखाली धार लागून पायांना मुंग्या येतात.

मेमरी फोम घेऊ नका, कोणी कितीही कौतुक केलं तरी. तो तापमानावर चालतो. डिसेंबरच्या पहाटे नागझिऱ्याजवळ फळीसारखा ताठ होईल आणि मेमध्ये शिऱ्यासारखा. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला तो पांढरा, चकचकीत पॅकिंगचा फोमही नको. त्याच्यातली हवेची भिंत एकदा फुटली की तो परत उठत नाही. फुकट मिळतो म्हणून लोक आणतात आणि मग माझ्याकडे येतात.

कापसाचं विचारलंत, ते मला आवडलं. घरात कापूस पिकतो आणि आपण तेलापासून बनलेला फोम विकत आणतो, हे मनाला लागतंच. पण बाकासाठी कापूस नको. गाडीच्या हादऱ्यांनी तो सरकतो, बुडाखालचा भाग गोळा होऊन घट्ट बसतो आणि दरवर्षी पिंजावा लागतो. पिंजणारे आता तालुक्यात एखाददुसरे उरलेत. झोपण्यासाठी मात्र कापसाला तोड नाही. फोमवर झोपलं की उन्हाळ्यात पाठ भिजते, कारण फोम अंगाची उष्णता धरून ठेवतो. म्हणून पलंग मांडल्यावर वर टाकायला दोन बोटं जाडीची, टाके घातलेली कापसाची पातळ गादी किंवा चांगली जाड गोधडी करा. दिवसा गुंडाळून ठेवता येते आणि तिला ऊन खुशाल दाखवा. उशांना सावरीचा कापूस मिळाला तर बघा, तुमच्याकडच्या जंगलात सावर भरपूर आहे. हलका, मऊ, माझ्या आजीच्या उशीत तोच होता. फक्त जवळ विस्तव नको, तो भडकन पेटतो.

कव्हरांचं बघू. जुनी रेक्झिनची असतील तर बाकांची ठेवा, चहा सांडला की पुसता येतात. पण पलंगाची वरची बाजू रेक्झिनची असू नये. मध्यम मार्ग असा की वरून जाड सुती कॅनव्हास आणि बाजूची पट्टी रेक्झिनची. कॅनव्हास शिवण्याआधी एक रात्र पाण्यात भिजवून वाळवून घ्या. आधी शिवून मग धुतला तर आटतो आणि कव्हर गादीवर चढत नाही. चेन ओढता ओढता दोन माणसं घामाघूम होतात. चेन मागच्या लांब बाजूला लावा आणि दोन्ही टोकांना कोपऱ्यावरून पाच-सहा इंच वळवून आणा, मगच जाड गादी आत जाते. घरच्या मशीनवर १८ नंबरची सुई आणि जाड नायलॉनचा दोरा लावला तर दोन पदरी कॅनव्हास निघतो. पायपिंगला चार पदर येतात, तिथे घरचं मशीन रडतं. पायपिंग सोडून द्या, साधी दुहेरी शिवण घाला, काही बिघडत नाही.

फोम कापायचा तो कव्हराच्या मापावर, जुन्या फोमच्या मापावर नाही, कारण जुना आखडलेला असतो. कव्हर उलटं करून शिवणीपासून शिवणीपर्यंत मोजा. लांबीत १ इंच आणि रुंदीत अर्धा इंच जास्त धरा, म्हणजे कव्हर ताणून बसेल आणि वर सुरकुत्या राहणार नाहीत. जाडी जास्त धरू नका. चाकाच्या उंचवट्याजवळ कोपरा तिरका असेल तर आधी वर्तमानपत्राचा साचा कापा, गाडीत ठेवून बघा, मग स्केचपेनने फोमवर उतरवा, दोन्ही बाजूंना. कापायला लोखंडी आरीचं पातं दगडावर धार लावून, किंवा दातेरी पावाची लांब सुरी. मोठा कटर ३ इंचांच्या फोमला दोन-तीन फेऱ्यांत चालतो. कापताना डाव्या हाताने फोम दाबून धरू नका. दाबला की तो पसरतो, हात सुटला की कापलेली कड आत वळलेली दिसते. पहिल्या वेळी सगळ्यांकडून हे होतं.

थर जोडायला बाजारात रबरी सोल्युशन मिळतं, चांभार चप्पल चिकटवायला वापरतात त्याच जातीचं. दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की एकदाच जपून ठेवायचं. एकदा बसलं की सरकवता येत नाही, फोम फाटतो. पूर्ण पृष्ठभागाला फासू नका. कडेने चार बोटांची पट्टी आणि मध्ये फुलीसारखे दोन पट्टे पुरे. सगळीकडे लावलं तर वाळून पापडी होते, ती बसताना जाणवते आणि हवाही अडते. हे काम अंगणात करा, गाडीत नाही. त्याच्या वाफा डोकं धरतात आणि झटकन पेट घेतात, त्या दिवशी जवळ चूल नको, बिडी नको.

वर पॉलिस्टरच्या कापसाची पातळ शीट एक वेढा गुंडाळा, दुकानात फायबर शीट म्हणून मागा. कोपरे भरतात आणि कव्हर आत घासत नाही. मग संपूर्ण गादी पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, तिच्यावर घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला बसवून हवा काढा, तशीच कव्हरात सरकवा आणि प्लॅस्टिक ओढून घ्या. ओढून घ्याच. नव्या गादीचं प्लॅस्टिक न काढण्याची आपल्याकडे जी सवय आहे, तिच्यामुळे सडलेल्या गाद्या मी मोजायच्या सोडल्यात.

दोन गोष्टी न विचारता सांगतो. ड्रायव्हरची आणि त्याच्या बाजूची सीट या कामात धरू नका. तिथला फोम साच्यात ओतलेला असतो, पट्टा लावलेला माणूस झटक्यात पुढे घसरू नये असा त्याचा आकार असतो. आपला चौकोनी फोम तिथे टाकला तर तो आकार जातो. मागच्या बाकांवर पट्टे नसतील तर चालत्या गाडीत तिथे माणसं बसवू नका. दुसरं, फोम जळतो तेव्हा आगीपेक्षा धूर आधी मारतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडचा वायू असतो. गाडीच्या आतल्या मालासाठी आयएस १५०६१ हे आगीबाबतचं मानक आहे. नागपूरहून फोम मागवणार असाल तर आगरोधक जात मागून बघा. तालुक्याच्या दुकानातला साधा फोम तसा नसतो. तुमचा गॅस बाकापासून किमान हातभर दूर ठेवा आणि अग्निशामक नळकांडं दाराजवळ, बाकाखाली नाही.

जुना फोम धुऱ्यावर नेऊन पेटवू नका, याच कारणाने. भंगारवाला घेतो, त्याचाच पुढे रिबॉन्ड होतो. भुसा निघत नसेल आणि एक-दीड इंचच दबला असेल, तर एखादा बाक नवा न घेता जुन्याच फोमखाली १ इंच रिबॉन्ड सरकवून वापरता येतो. वर नवा मऊ थर आणि खाली मेलेला फोम, असं उलटं मात्र करू नका.

आता सगळ्या चार गाद्यांचा फोम एकदम कापू नका. मधली गादी आधी करा. ती कंबरेखालची आहे, खर्च थोडा आहे, आणि थरांचा हिशेब तुमच्या वजनाला जमतो का ते तिथेच कळेल. गाडी अंगणात लावा, पलंग मांडा, यजमानांना एक पूर्ण रात्र तिच्यावर झोपू द्या. सकाळी खाली कडक वाटलं असं ते म्हणाले तर बाकांसाठी वरचा १ इंच मऊ थर धरा, फळी लागली म्हणाले तर रिबॉन्ड दीड इंचाचा घ्या. मग ती मापं आणि जुन्या फोमचं काट्यावरचं वजन मला कळवा, बाकांच्या शीट किती लागतील ते सांगतो.